दोर ओढतो, ढकलत नाही

हा भाग मी पुण्याच्या खोलीत नाही, रिठदला घरच्या माडीवर बसून रेकॉर्ड केलाय. त्यामुळे ऐकताना मागून कोंबडा, मोटारपंप आणि आईची हाक असं सगळं येईल. ज्यांना वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीसारखं बोललेलं खाली उतरवून देतोय. थोडंफार साफ केलंय, पण जास्त नाही.

तर विषय. मागच्या एका भागात मी बोलता बोलता सांगितलं होतं, की रात्री जेवताना मला मोटरहोमचे व्हिडिओ बघायची सवय लागलीय. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की त्या घरासारख्या बसच्या मागे एक छोटी कार बांधलेली असते ती कशाला? आणि ती चालते कशी, आत कोणी बसलेलं नसताना? मी म्हटलं होतं, सांगतो कधीतरी. मला तेव्हा वाटत होतं की मला त्यातलं सगळं कळतं. शंभरेक व्हिडिओ बघून झालेले होते ना. मग दिवाळीत गावाकडे येताना स्वतःवरच वेळ आली. फरक एवढाच, की पुढे मोटरहोम नव्हतं, बाबांचा ट्रॅक्टर होता. आणि मागच्या कारमध्ये मी होतो.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत लोक मोटरहोम घेऊन महिना-महिना फिरतात. आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम सगळं. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलंय, पण रस्त्यावर अशी गाडी दिसली की अजून आपण फोटोच काढतो. आता एवढं घर एकदा मुक्कामाला लावलं, पाणी-वीज जोडली, की दूध आणायला ते परत कोण हलवणार? म्हणून मागे एक छोटी कार ओढत न्यायची. तिला ते लोक 'टोड' म्हणतात. 'टो' केलेली म्हणून टोड, आणि टोड म्हणजे बेडूकसुद्धा. बिचारी चारही चाकांवर उड्या मारत मागे मागे येते.

आता माझी गोष्ट. पुण्याहून सकाळी निघालो. संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा, मेहकर करत रिसोडला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. माझी गाडी म्हणजे सेकंडहँड हॅचबॅक, साधी मॅन्युअल गिअरची, पहिलीच. रिसोडच्या पुढे वाशीमच्या रस्त्याला लागलो आणि तापमानाचा काटा वर. बोनेटमधून वाफ. थांबलो, बंद केली. रेडिएटरचा होस फाटला होता, सगळं कूलंट रस्त्यावर. ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, काहीही कर पण आता चालू करू नको, हेड वाकडं होईल. उद्या सकाळी येतो.

गाव राहिलं होतं चारेक किलोमीटर. विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीचे पैसे मी भरलेले आहेत. फोन लावला, ते म्हणाले अडीच-तीन तास लागतील. खरं सांगायचं तर गाडी तिथंच लॉक करून, कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून घरी यायला हरकत नव्हती. पण पहिली गाडी, पहिली दिवाळी, आणि ती रस्त्याच्या कडेला सोडून घरी जायचं? मला ते जमेना. मी बाबांना फोन केला.

बाबा अर्ध्या तासात ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉली घरी सोडून, नुसतं मुंडकं. मागे मोटरसायकलवर चुलतभाऊ. ट्रॅक्टरवर जाड नायलॉनचा दोर. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटमध्ये डोकावले, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बांधायचं कुठी?"

इथं मी हुशारी दाखवली. पुढच्या बंपरवर एक छोटंसं चौकोनी झाकण असतं, ते काढलं की आत आटे दिसतात. डिकीत जॅक-पान्यासोबत एक लोखंडी हूक असतो, तो तिथं घट्ट फिरवून बसवायचा. तुम्हीही आज जाऊन बघा, आहे की नाही ते. सेकंडहँड गाडीत बऱ्याचदा आधीच्या मालकाकडेच राहिलेला असतो. काही गाड्यांत आटे उलटे असतात, फिरत नाही म्हणून जोर लावू नका. आणि दोर बंपरला किंवा चाकाजवळच्या दांड्याला बांधायचा नाही. बंपर तर हल्ली प्लास्टिकचाच, हातात येईल. हे सगळं मला व्हिडिओंमुळे माहीत होतं. बाबांनी दोराची गाठ मारली, ती मात्र मला आजही येत नाही.

मी किल्ली फिरवून ऑन केली, कारण किल्ली काढलेली असली की स्टिअरिंग लॉक होतं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, चारही इंडिकेटर चालू. बॅटरी चांगली होती म्हणून निदान दिवे तरी लागत होते. बाबांनी ट्रॅक्टरच्या ब्रेकची पट्टी लावली. ज्यांनी ट्रॅक्टर चालवला नाही त्यांच्यासाठी सांगतो: ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात जागेवर वळायला. रस्त्यावर आलं की दोन्ही पायडल पट्टीनं जोडायचे, नाहीतर ब्रेक एकाच बाजूला लागतो आणि ट्रॅक्टर फिरतो.

निघताना बाबा म्हणाले, "थांब ना बाबू, त्या दोराले काही पांढरं बांधू. अंधार पडून राह्यला."

मी म्हणालो, "बाबा, चार किलोमीटर तर जायचंय. लाईट चालू आहेत ना."

ते म्हणाले, "तुही गाडी दिसते. दोर कुठी दिसते?"

मी म्हटलं, चला हो. आणि ते चढले ट्रॅक्टरवर. हे वाक्य मी मुद्दाम पूर्ण सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात बाबांची काही चूक नव्हती.

आता इंजिन बंद असलेली गाडी चालवणं काय असतं ते ऐका. आपण रोज ब्रेक दाबतो तेव्हा अर्ध्याहून जास्त काम आपला पाय करतच नाही. इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर एक बूस्टर चालतो, तो आपल्या पायाचा जोर वाढवतो. इंजिन बंद झालं की त्यात दोन-तीन वेळा दाबण्यापुरता साठा उरतो. तो संपला की पायडल दगड. ब्रेक लागतो, पण उभं राहून दाबल्यासारखा दाबावा लागतो. स्टिअरिंगचंही तसंच, इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगची मदत बंद. मला हे माहीत होतं का? होतं. पण मी ट्रॅक्टर यायच्या आधी बसल्या बसल्या टाइमपास म्हणून ब्रेक चार-पाच वेळा दाबून ठेवला होता. साठा तिथंच संपला. माहीत असणं आणि पायाला माहीत असणं यात अंतर असतं, हे असं.

दुसरी गोष्ट, आणि हीच मला कोणत्याच व्हिडिओतून नीट कळली नव्हती. ट्रॉली मी खूपदा ओढलीय. सोयाबीन भरून वाशीमच्या मार्केटला नेलीय, रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं तेही जमतं. मला वाटलं, ट्रॉली तशी कार. पण ट्रॉलीला लोखंडी दांडा असतो. ट्रॅक्टर थांबला की तो दांडाच ट्रॉलीला अडवतो. दोराचं तसं नाही. दोर ओढतो, ढकलत नाही. म्हणजे पुढच्यानं ओढायचं आणि मागच्यानं थांबवायचं, असे दोन ड्रायव्हर मिळून एक गाडी चालवत असतात, मध्ये पाच मीटर दोर आणि बोलायला काही साधन नाही. ट्रॅक्टरच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. आरसा एकच, तोही हलून खाली वाकलेला. आम्ही ठरवलं होतं की थांबायचं असेल तर मी डिप्पर मारणार, उजेड पुढं रस्त्यावर पडला की बाबांना कळेल.

पहिला अर्धा किलोमीटर धक्क्यांचा. बाबा क्लच सोडायचे, दोर ताणायचा, गाडीला हिसका. मग मी पुढं जायचो, दोर ढिला पडून जमिनीला लागायचा. परत हिसका. ब्रेक दगडासारखा म्हणून मी तो दाबायचंच टाळत होतो, आणि त्यामुळे दोर आणखी ढिला पडत होता. एकदा तर तो माझ्या चाकाखाली जाता जाता राहिला.

पुढं शेतातून येणारी एक पाऊलवाट रस्त्याला मिळते. तिथं थोडा चढ आहे म्हणून बाबांचा वेग कमी झाला, माझाही झाला. डावीकडून मोटरसायकलवर एक पोरगा आला, कॉलेजच्या वयाचा, मागे हिरव्या चाऱ्याचा भारा. तो थांबला. ट्रॅक्टर समोरून गेला. मागे माझी गाडी हळू, चारही इंडिकेटर लुकलुकतायत. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? हा मागचा कारवाला थांबलाय, मला जाऊ देतोय. त्यानं गाडी घातली मध्ये.

त्याच क्षणी बाबा चढ संपवून वेग घेत होते. ढिला दोर जमिनीवरून वर उठायला लागला.

मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उभा राहिलो. अक्षरशः सीटवरून उठलो. गाडी थांबली, दोर ताडकन ताणला, ट्रॅक्टरला मागून ओढ बसली आणि बाबांनीही थांबवलं. पोरानं अगदी शेवटी दोर बघितला, ब्रेक मारला आणि मोटरसायकल आडवी झाली. दोराच्या अलीकडे, हातभर. चारा सगळा रस्त्यावर.

मी दार उघडून पळालो. चुलतभाऊ मागून आला. पोराचा गुडघा खरचटला होता, पँट फाटली होती, बाकी काही नाही. तो आधी मलाच म्हणाला, "सॉरी दादा, मले वाटलं तुम्ही थांबले." त्याच्या जागी मी असतो तर शिव्या दिल्या असत्या. मला तोंडातून शब्द फुटेना. तो दोर त्याच्या पुढच्या चाकात गेला असता तर तो पडला असता माझ्या बंपरसमोर, आणि माझ्याकडे होता तो दगडी ब्रेक.

बाबा उतरून आले. पोराला उठवलं, मोटरसायकल उभी केली, चाऱ्याचा भारा परत बांधून दिला. तो कोणाचा, कुठं राहतो ते विचारलं. मला एक शब्द बोलले नाहीत. खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला, दोराच्या मधोमध दोन वेढे देऊन बांधला, टोकं खाली लोंबती ठेवली. मग माझ्या खिडकीशी आले.

"उतारावर गाडी बैलाच्या अंगावर जाते, पाह्यलं ना लहानपणी?"

"हो."

"मंग मागून धराव लागते. ब्रेकवर पाय ठेवजो हलका. सारखा. दोर ढिला पडू देऊ नोको. मी ओढतो, तू धर."

एवढंच. पुढचे तीनेक किलोमीटर आम्ही माणूस चालतो त्याहून थोड्याच वेगानं गेलो. माझा पाय सतत ब्रेकवर, किंचित दाबलेला. दोर सरळ रेषेत, मध्ये पांढरं लोंबतंय. एकदाही हिसका बसला नाही. इतकं सोपं होतं ते. घरी पोचलो तेव्हा उजव्या पायाची पोटरी थरथरत होती, आणि आईनं ओवाळायला ताट आणलं होतं नव्या गाडीसाठी. गाडी ट्रॅक्टरच्या मागे बघून तिनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली, आणि तिनं ओवाळलं तसंच. दोरासकट.

रात्री झोप लागेना म्हणून मी कायदा शोधला. केंद्र सरकारचे २०१७ चे मोटार वाहन चालन विनियम आहेत, त्यात बंद पडलेली गाडी ओढण्यावर वेगळा भाग आहे. दोन गाड्यांमधलं मोकळं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. ओढली जाणारी गाडी चाकांवर असेल तर तिच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस हवा. वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरात 'ऑन टो' लिहिलेलं हवं. आणि दोर किंवा साखळी रस्त्यावरच्या इतरांना सहज ओळखू येईल अशी हवी. हे शेवटचं वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. बाबांनी हे विनियम वाचलेले नाहीत.

२५ चा आकडा बघून हसू नका. ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. मध्ये पाच मीटर. पुढचा गपकन थांबला तर मागच्याला पाऊण सेकंदही नाही, आणि माणसाला दिसून पाय हलेपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. म्हणजे बघून ब्रेक मारू म्हणणाऱ्याला वेळच नाही. पाय आधीपासून तिथं पाहिजे.

आता परत त्या मोटरहोमवाल्यांकडे येतो, कारण त्यांनी हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सोडवलाय. त्यांच्याकडे मागच्या कारमध्ये माणूस नसतोच. म्हणून दोर नाही, इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराचा लोखंडी टो-बार. तो ओढतोही आणि अडवतोही, आपल्या ट्रॉलीच्या दांड्यासारखा. तो बसवायला कारच्या सांगाड्याला पुढून एक मजबूत पाट बोल्टनं जोडलेला असतो. शिवाय दोन सेफ्टी केबल, बार तुटलाच तर. मोटरहोमचे ब्रेक लाईट आणि इंडिकेटर वायरनं कारच्या मागच्या दिव्यांना जोडलेले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: कारच्या ड्रायव्हरच्या पायापाशी एक खोका ठेवतात, त्याला एक दांडा असतो. मोटरहोमनं ब्रेक मारला की तो खोका कारचा ब्रेक पायडल दाबतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ठराविक वजनाच्या वर असा वेगळा ब्रेक सक्तीचा आहे. कार सुटून वेगळी झाली तर एक पिन उपटली जाते आणि तो खोका आपोआप ब्रेक लावतो. म्हणजे बाबांनी मला जे सांगितलं, मागून धर, ते करायला त्यांनी यंत्र बसवलंय.

तरी त्यांचेही पहिल्या दिवशीचे घोळ ठरलेले. हँडब्रेक काढायचा राहतो आणि मागचे टायर घासत जातात, पुढं बसलेल्याला पत्ताच नाही, एवढ्या मोठ्या गाडीला मागची कार जाणवतच नाही. किंवा पेट्रोलपंपात चुकीच्या बाजूनं शिरतात. कारण कार चारही चाकांवर ओढत असाल तर रिव्हर्स घेता येत नाही. ट्रॉलीची चाकं सरळ असतात, कारची पुढची चाकं वळतात. मागे ढकललं की ती वाट्टेल तिकडं फिरतात आणि बार वाकतो. मग भर पंपावर कार सोडवा, बाजूला घ्या, परत जोडा. मागचे लोक हॉर्न वाजवतायत.

आणि एक महत्त्वाचं, हे आपल्यालाही लागू आहे. माझी गाडी मॅन्युअल होती म्हणून न्यूट्रलमध्ये हळू ओढता आली. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. होसचे पैसे वाचवायला जाल आणि गिअरबॉक्स बदलाल. इलेक्ट्रिक गाडीत चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करायला लागते, म्हणून तिला चाकांवर ओढायचीच नाही, सरळ फ्लॅटबेडवर चढवायची. अमेरिकेतही कुठलीही कार मागे बांधता येत नाही. जीप रँग्लर तिथं इतकी दिसते, कारण तिच्या ट्रान्सफर केसला न्यूट्रल असतो, चाकं फिरली तरी गिअरबॉक्स शांत राहतो. तुमच्या गाडीचं काय, ते मॅन्युअलमध्ये टोइंगच्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान आत्ताच फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. रस्त्यावर रेंज नसते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, होस बदलला, कूलंट भरलं. तासाभरात गाडी चालू. हेड वाचलं. म्हणजे गाडी रात्रभर तिथंच राहिली असती तरी तो तिथंच येऊन तेच काम करून गेला असता. हे बाबांच्याही लक्षात आलं असणार, ते बोलले नाहीत. मी संध्याकाळी त्या पोराच्या घरी जाऊन आलो, फराळाचा डबा घेऊन. त्याच्या आईला त्यानं घसरलो एवढंच सांगितलं होतं. मी खरं सांगितलं. तिनं चहा केला, पण डबा ठेवून घ्यायला जरा वेळ लावला.

परत पुण्याला निघताना डिकीत सामान लावत होतो तर बाबांनी तो नायलॉनचा दोर आणून टाकला. दुपट्टा त्याला तसाच बांधलेला. मी म्हटलं, दुपट्टा तरी काढून घ्या. म्हणाले, "राहू दे. नवीन घेतला मी."

बरं, पुढच्या भागात टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते बघू, बऱ्याच दिवसांपासून मागणी आहे. आणि तुमच्यापैकी कोणाची गाडी ट्रॅक्टरनं, बैलानं, कशानंही ओढली गेली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. बैलाचा किस्सा आला तर तो आधी लावणार. चला, आई खाली जेवायला बोलावतेय.